दूरगामीचं छत

ऑफिसात त्यांना सगळे मिलिमीटर म्हणत. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले, आणि त्यांचा नकाशा घेऊन पाईप टाकायला गेलेला एकही माणूस "इथं बसत नाही" म्हणत परत आला नाही. एकदा एका नव्या साहेबाने विचारलं, "अंदाजे किती असेल?" तर हे म्हणाले, "अंदाज तुमचा, मोजमाप माझं. कुठलं देऊ?" त्या दिवसापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. घरीही तीच तऱ्हा. बायकोने भिंतीवर काही टांगलं की हे पट्टी घेऊन हजर.

असा माणूस निवृत्त झाल्यावर स्वस्थ थोडाच बसणार? मिलिमीटरनी एक अंतराळयान बांधायला घेतलं. संगणकावर.

यान म्हणजे 'दूरगामी'. ज्यांना ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की दूरगामी ही रेडिओवरची मालिका होती. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता लागायची, आणि तेवढा अर्धा तास रस्ते ओस पडायचे. कॅप्टन, डॉक्टरीणबाई आणि इंजिनवाला म्हातारा ही तीन माणसं घराकडे परतायची वाट शोधत पाच वर्षं ताऱ्यांमधून भटकली. पण रेडिओला चित्र नसतं. त्यामुळे यान आतून कसं दिसतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. ज्याने त्याने आपापलं बांधून घेतलं होतं. आता पन्नास वर्षांनी त्या भागांच्या फिती सापडल्या, इंटरनेटवर आल्या, आणि केस पिकलेल्या श्रोत्यांचा एक गट जमला. कॅप्टनची खोली डावीकडे की उजवीकडे यावरून त्या गटात दोन भल्या माणसांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं.

मिलिमीटर वादात पडले नाहीत. त्यांनी मोजायला घेतलं. कॅप्टन आपल्या खोलीतून इंजिनघरात जातो तेव्हा चौदा पावलं वाजतात. सापडलेल्या एकसष्ट भागांत नेहमी चौदाच. दोनदा पंधरा, पण त्या दोन्ही वेळी कॅप्टनचा पाय दुखावलेला होता. एक पाऊल सत्तर सेंटिमीटरचं, म्हणजे बोळ नऊ मीटर ऐंशी. दार उघडताना आधी सुस्कारा, मग घसरण्याचा आवाज, मग दोन धक्के, म्हणजे दाराच्या फळ्या दोन. बोळात आवाज घुमतो आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुमत नाही, म्हणून तिथे त्यांनी कापडी पडदे लावले. टेबलाच्या खालच्या बाजूचे स्क्रूसुद्धा काढले. तिथे वाकून बघणार कोण, हा प्रश्न त्यांना पडत नसे.

दोन वर्षं हे काम चाललं, तेही बायकोपासून लपवून. बायको ग्रंथपाल होती. ती सकाळी ग्रंथालयात गेली की हे संगणकापुढे बसत आणि ती यायच्या आत सगळं बंद करत. दूरगामीचं वेड तिलाही होतं. लग्न ठरवायला दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा दोघंही मुखदुर्बळ, घड्याळाची टिकटिक ऐकत बसलेले. मग कुठून तरी दूरगामीचा विषय निघाला, आणि बाहेर बसलेल्या वडीलधाऱ्यांना दार वाजवून "पुरे आता" म्हणावं लागलं. म्हणून ती निवृत्त होईल त्या दिवशी तिला तिचं यान दाखवायचं, असा मिलिमीटरचा बेत होता.

तो दिवस आला. निरोप समारंभ आटोपून ती दुपारी घरी आली. मिलिमीटरनी तिला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि मालिकेची सुरुवातीची धून लावली.

"आता उघड."

तिने डोळे उघडले. पडद्यावर बोळ होता, टोकाला दोन फळ्यांचं दार. ते सरकू लागलं आणि तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबले.

"बंद करा. अहो, आधी बंद करा ते!"

मिलिमीटरनी बंद केलं. त्यांना वाटलं होतं ती हसेल, फार तर डोळे पुसेल. दोन वर्षांची मेहनत आणि हे काय?

"चुकलं का काही?" त्यांनी विचारलं.

"चुकलं असेल नाहीतर बरोबर असेल. मला बघायचंच नाहीये." तिने हात काढले, पण नजर खिडकीकडे ठेवली. "तुमचं बघितलं की माझं जाईल. तसंही ते हल्ली पुसट होत चाललंय. इंजिनघरातला तिसरा दिवा कसा होता ते मला आठवेनासं झालंय. आता हे एवढं रेखीव डोळ्यांपुढे आलं, तर माझं टिकेल का?"

तिचं म्हणणं अगदीच अनोळखी नव्हतं. मुखपृष्ठावर नायिकेचा चेहरा छापलेल्या पुस्तकांना ती ग्रंथालयात खाकी कव्हर घालायची. चेहरा वाचणाऱ्याचा असतो, छापणाऱ्याचा नाही, असं तिचं मत. पण हे सगळं परक्या छापणाऱ्यांबाबत होतं. नवऱ्याची त्यांच्यात गणना होईल असं मिलिमीटरना वाटलं नव्हतं.

ते रुसले. साठी उलटलेला माणूस रुसला तर कुणाला कौतुक नसतं, तरी रुसले. तीन दिवस घरात "हो", "नाही" आणि "चहा झालाय" एवढंच बोलणं चाललं. चौथ्या दिवशी त्यांचा राग उतरला, आणि तिचं वाक्य तेवढं डोक्यात उरलं. पुसट होत चाललंय. नकाशा पुसट व्हायला लागला की काय करतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? दुसरा काढून घेतात.

"तू सांग," ते म्हणाले. "मी काढतो. तुझं यान, तुझ्या सांगण्यावरून. माझी एक टाचणीसुद्धा त्यात येणार नाही."

तिने खुर्ची पडद्याकडे पाठ होईल अशी फिरवली. मग म्हणाली, "मी पडद्याकडे बघणार नाही."

"नको बघूस."

"आणि मध्ये मध्ये सुधारायचं नाही."

हे कठीण होतं, पण मिलिमीटरनी कबूल केलं.

रोज चार ते पाच अशी वेळ ठरली. ती पडद्याकडे पाठ करून बसायची, डोळे मिटायची आणि सांगायची. सांगणं ऐकून मिलिमीटर चाट पडले. एवढा तपशील त्यांच्याही यानात नव्हता. कॅप्टनच्या खोलीत वरून तीन नळ्या जातात, मधली जाड, आणि ती एका जागी किंचित वाकलेली आहे. दिवे लांबट, त्यांच्यावर जाळी. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत हवेची खिडकी, तिला अकरा पट्ट्या, चौथी निखळलेली. पत्र्याचे जोड कुठे येतात, तेही तिला पाठ होतं.

"आणि जमीन?" मिलिमीटरनी पहिल्याच दिवशी विचारलं. नकाशा काढणारा माणूस जमिनीपासून सुरुवात करतो. आधी तळ, मग भिंती, मग छत.

"जमीन नंतर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. पत्र्याची का लाकडी? ती नुसती मान हलवायची. आणखी एक गोष्ट जमत नव्हती. कॅप्टन बोलतो कुठून, असं विचारलं की ती म्हणायची, "मागून. डोक्याच्या मागून." डॉक्टरीणबाई? त्याही मागून. मग सगळी माणसं एकाच बाजूला कशी? मिलिमीटरच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांना भलतीच शंका आली. विसरायला तर लागली नसेल ही? दिव्यापासून सुरू झालेलं हे कुठवर जाणार? त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

आठवडाभराने त्यांनी पुन्हा धीर करून विचारलं. "अगं, निदान पायांखाली काय लागायचं तेवढं तरी आठवतंय का?"

तिने डोळे उघडले. "पाय कुठे टेकत होते माझे? मी उताणी होते ना वर्षभर!"

मिलिमीटरच्या हातातला माउस तसाच राहिला. लहानपणी तिला मणक्याचं दुखणं झालं होतं, हे त्यांना माहीत होतं. तिच्या आईने लग्नाआधीच सांगितलं होतं, "एक वर्ष शाळा बुडाली, बाकी काही नाही." पुढे पस्तीस वर्षांत तो विषय निघाला असेल तर दोनदा. ती आता खिडकीकडे बघत सांगत होती, भाजीचा हिशेब सांगावा इतक्या सरळ आवाजात. ती नऊ वर्षांची होती. छातीपासून मांड्यांपर्यंत प्लास्टर. मान जेमतेम वळायची. खोलीत येणारा प्रत्येक जण उशाकडून, डोक्यावरून डोकावायचा, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे तिला उलटे दिसायचे. रेडिओ डोक्यामागच्या कपाटावर होता. गुरुवारी सात वाजता तिथून आवाज यायला लागले, की समोरचं पांढरं छत सरकायचं आणि यानाचं छत यायचं.

"बाकीचे सहा दिवससुद्धा मी तिथेच असायचे," ती म्हणाली. "इथे करण्यासारखं काही नव्हतं."

मिलिमीटरना गलबलून आलं. आपण हिला जमीन मागत होतो, याची त्यांना लाज वाटली. त्या संध्याकाळी ती बाहेर गेल्यावर ते संगणकाच्या खोलीत फरशीवर उताणे पडले आणि पाऊण तास छताकडे बघत राहिले. पाठ अवघडली तरी उठले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं तसं केलं. छतापासून सुरुवात केली. छत आधी, मग भिंती जेवढ्या पडल्यापडल्या दिसतील तेवढ्या, आणि खाली काहीच नाही. बघणाऱ्याची नजर संगणकात माणसाच्या उंचीवर ठेवलेली असते. ती त्यांनी पलंगाच्या उंचीवर आणली आणि वर वळवली. सगळे आवाज मागे ठेवले. वाकलेली नळी वाकलेलीच काढली. हात शिवशिवत होता, पण सरळ केली नाही.

चार महिन्यांनी काम पुरं झालं. दाखवण्याआधी आवाज एकदा तपासावेत म्हणून त्यांनी फाईल बंद केली आणि पहिला भाग नुसता ऐकायला घेतला. कॅप्टन खोलीतून निघाला. चौदा पावलं वाजली. मिलिमीटर आपल्या बोळाची वाट बघत राहिले. बोळ आला नाही. पावलं डोक्याच्या मागे वाजत होती आणि वर तीन नळ्या होत्या. त्यांनी भाग पुन्हा लावला, डोळे गच्च मिटले. बाराव्या वर्षी आपल्या घराच्या जिन्याखाली बसून ऐकताना जे यान त्यांनी उभारलं होतं, ते पन्नास वर्षं एका हाकेवर येत होतं. आता येईना. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. बायकोला ते यातलं काही बोलले नाहीत.

तिला त्यांनी तिचं यान दाखवलं ते पलंगावर झोपवून, पडदा वर टांगून. टांगताना पट्टी लावली नाही, हेही नोंदवलं पाहिजे. तिने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. तासभर ती बघत होती. शेवटी म्हणाली, "तिसरा दिवा. अहो, हा असाच होता! जाळी तुटलेली. मी हे कधी सांगितलं?"

"दोनदा. बोलता बोलता."

ती उठून बसली. चेहरा उजळला होता. "आता मला भीती नाही. तुमचं दाखवा."

मिलिमीटरनी आपली फाईल उघडली. दोघं शेजारी शेजारी बसून बोळातून गेली, दोन फळ्यांच्या दारातून आत शिरली, पडदे बघितले, टेबलाखालचे स्क्रूसुद्धा बघितले. सगळं नेटकं होतं. मिलिमीटर एकेका वस्तूचं माप सांगत होते. बायको हळूहळू पडद्याऐवजी त्यांच्याकडेच बघायला लागली.

"तुम्ही दुसऱ्या कुणाचं घर दाखवल्यासारखं का दाखवताय?"

त्यांना खोटं बोलता येत नसे. "ऐकताना आता हे येत नाही," ते म्हणाले. "गेलं ते."

तिचा चेहरा पडला. "माझ्यामुळे?"

"काढताना गेलं. चालायचंच."

"मग आता ऐकताना तुम्ही कुठे असता?"

"तुझ्या खोलीत," मिलिमीटर म्हणाले. "उताणा. नळ्या बघत."

तिने वर छताकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या वर्षी सगळे यायचे हो. आई, ताई, शेजारपाजारचे. डोकावायचे आणि जायचे. माझ्याबरोबर तिथे राहिलं कुणीच नव्हतं."

एवढं बोलून ती रडायला लागली, त्या आजारपणासाठी, आयुष्यात पहिल्यांदा. मिलिमीटरनी तिला उगी केलं नाही. ती रडत होती तोवर ते तिच्याजवळ बसून राहिले.