उजव्या पायाचा अंगठा

तपासणी संपली की ते टेक्निशियन पेशंटच्या उजव्या पायाचा अंगठा मोज्यावरूनच हलके दाबायचे. "झालं भिया. या बाहेर." भिया म्हणजे भाऊ, आमच्याकडची हाक. एमआरआयच्या बोगद्यात डोकं अडकलेलं असताना पाय तेवढे बाहेर असतात. जगाशी आपला संबंध उरतो तो एवढाच. जे आत जाऊन आलेत त्यांना हे सांगायला नको. जे गेले नाहीत त्यांनी ऐकूनच सोडून द्यावं.

मला चक्कर यायची आणि उजव्या कानात दिवसभर कुकरची शिट्टी वाजायची. घरात मी धीट म्हणून प्रसिद्ध आहे. ही प्रसिद्धी मीच केलेली आहे. सुदामा नगरहून निघताना बायकोला म्हणालो, "तू कशाला येतेस? अर्ध्या तासाचं तर काम." ती आली, हे बरं झालं.

पहिल्या खेपेला मी जेमतेम दोन मिनिटं टिकलो. डोक्यावर पिंजरा बसवला, घाबरलात तर दाबा म्हणून हातात रबरी फुगा दिला, आत सरकवलं, आणि कानाशी कुणी रिकाम्या पिंपावर हातोडा घालायला लागलं. मी फुगा असा दाबत सुटलो, जसं काही त्यानेच मला झोपवलेली ती गाडी मागे येणार होती.

बाहेर काढून त्यांनी मला पाणी दिलं. पन्नाशी उलटलेले, राजेंद्र नगरात राहणारे टेक्निशियन. "घाई नाही. मशीन कुठे पळून जाते?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

"भजन-बिजन काही लावा ना यांना," बायको दारातून म्हणाली.

"ताई, सगळं लावून पाहिलं मी. भजन लावलं की पेशंट पुढच्या ओळीची वाट बघतो, आणि नेमकी तेव्हाच मशीन ठोकते. मग तो दुप्पट दचकतो." मग माझ्या कानांवर हेडफोन चढवत म्हणाले, "हे ऐका. मुलीने पुण्याहून पाठवलंय. इलेक्ट्रॉनिक म्हणतात याला. सहा धुना आहेत, शब्द एक नाही. चौथी लागली की अर्धं झालं समजा. सहावी संपली की मी अंगठा दाबतो."

असल्या संगीताला मी आजवर मॉलच्या लिफ्टमधली कुरकुर समजत होतो. माझे कान नाट्यगीतांचे. आत गेल्यावर आधी लांबच्या खोलीत फ्रिज चालू असावा तशी गुणगुण आली. मग त्याखाली एक ठेका, जेवण झाल्यावर कुणी गच्चीत फेऱ्या मारतंय तसा सावकाश. पुढे काय येणार याची वाट बघायला त्यात काहीच नव्हतं. मशीनने ठोकायला सुरुवात केली आणि नवल झालं. ते ठोकणं त्या संगीतात जाऊन बसलं, उशिरा आलेला तबलजी मागच्या मागे बसतो तसं. भीती गेली नाही, खोटं कशाला बोलू. पण तीही ठेक्यात चालू लागली. चौथी धून लागली तेव्हा मी फुग्यावरचा हात सैल केला.

अंगठा दाबला गेला. मला रडू आलं. बायकोला सांगितलं, डोळ्यांत एसीची हवा गेली.

कानाच्या नसेवर साबुदाण्याएवढी गाठ निघाली. घातक नाही, पण वाढते का ते दर सहा महिन्यांनी बघायचं. तेव्हापासून उपासाला मी खिचडी खात नाही, भगर खातो.

दुसऱ्या खेपेला मी त्यांना विचारलं, "तुम्ही कधी आत जाऊन पाहिलंत?"

"मी? छे हो! मला तर लिफ्ट पण चालत नाही, जिन्याने येतो." मग काचेकडे बघत हळूच म्हणाले, "रोज लोकांना आत ढकलतो ना, म्हणूनच जास्त भीती वाटते. ते तुमचं ठोकणं मी इथे बसून ऐकतो."

गाठ तेवढीच होती.

तिसऱ्या खेपेला काचेपलीकडे एक बाई होत्या. तिशीच्या, हसऱ्या. "सर नाही येत आता," त्या म्हणाल्या.

"का?"

"त्यांचं डोकं दुखायचं खूप. आम्ही सगळे मागे लागलो होतो, सर, एकदा करून घ्या. महिनोन्महिने टाळत होते. शेवटी झोपले. याच मशीनवर. मीच केलं त्यांचं. त्यांचीच गाणी लावली. फुगा एकदाही दाबला नाही त्यांनी."

"रिपोर्ट?"

बाई इकडे येऊन मशीनच्या टेबलावरची चादर ओढून सरळ करत राहिल्या. ती आधीच सरळ होती.

"त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, संपलं की अंगठा दाब म्हणून," त्या म्हणाल्या. "स्क्रीनवर बघता बघता मी विसरलेच. किती वेळ तसेच आत पडून होते. बाहेर काढलं तर मलाच म्हणतात, घाई नाही."

मग त्यांनी सरांचा पेनड्राइव्ह लावला. मी आत गेलो. गच्चीतल्या फेऱ्या सुरू झाल्या. साबुदाणा वाढला असेल का, हाच विचार पहिल्या धुनेपासून डोक्यात यायला हवा होता, पण आज बोगद्यात माझ्याबरोबर सरही झोपलेले होते, पिंजरा घालून, हातात न दाबलेला फुगा धरून. मशीन ठोकत होती. चौथी लागली. पाचवी. सहावी संपली आणि सगळं गप्प झालं.

अंगठा दाबला गेला. अगदी हलके, न विसरता. पण डाव्या पायाचा.

मी उजवा अंगठा थोडा वेळ तसाच ताठ धरून पडून राहिलो.