खर्ड्यात बसवलेली किक

खर्ड्याचा किल्ला बघायला मोटारसायकलने जायचंय, रस्ता कसा आहे, असं तुमच्यापैकी काहींनी विचारलंय. आत्ताचा रस्ता मला ठाऊक नाही. मी गेलो होतो बहात्तरच्या दुष्काळात, पुण्याहून, नव्या लग्नाची बायको सुमन हिला मागे बसवून, लष्कराच्या लिलावातल्या जुन्या ब्रिटिश गाडीवर. दुष्काळात किल्ला बघायला जातं का कोणी, असं घरचे म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. पण गाडी नुकतीच हातात आली होती आणि मला कोणाचं ऐकायचं नव्हतं.

नगरपर्यंत रस्ता उत्तम. तिथे मिसळ खाल्ली, टाकी भरली आणि तिथेच किक रुसली. पॅडल दाबलं की आत काही न पकडता खर्रकन खाली जायचं. शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता. मी सुमनला म्हणालो, उतार बघून थांबू, ढकलून चालू करू. जामखेडपर्यंत दर वेळी तिनेच ढकलली आणि वर मला चार गोष्टी सुनावल्या.

पुढे रस्ता खडीचा. झाडांना पान नाही, शेतात माणूस नाही. सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. खर्ड्यात भर दुपारी शिरलो तर दारोदार कड्या लावलेल्या, कुत्रंही भुंकेना. किल्ला मात्र जरूर बघा, तट भक्कम आहे. पाणी बरोबर न्या. आम्ही बघून आलो तर त्या उन्हात गाडी ढकलायचं त्राण दोघांतही उरलं नव्हतं.

वेशीजवळ पंक्चर काढणारा एकटाच बसला होता. त्याने हाताने किक हलवून पाहिली.

"आतला दातेरी तुकडा गेलाय. असली गाडी गावात एकच हाय, माईंकडं. पोरगा ट्रकखाली गेला त्यांचा, तवापासून उभी हाय."

"देतील का त्या?"

"इचारून बघा. मी न्हाई येत दुपारचा तिकडं."

माई साठीच्या असाव्यात. अंगणात बोचकी बांधत होत्या. विहीर आटली होती, दुसऱ्या दिवशी एस.टी.ने त्या नगरजवळच्या केडगावला मुलीकडे कायमच्या निघाल्या होत्या. आम्हा दोघांत मिळून त्यांनी एक तांब्या पाणी दिलं. त्या दिवसांत ते किती होतं, हे आज सांगून कळणार नाही.

पाणी पीत असतानाच गोठ्यातून आवाज आला. खट्, मग फुस्स. कोणीतरी किक मारत होतं.

"आत कोणी आहे का?" सुमनने विचारलं.

"त्योच हाय," माई गाठ मारता मारता म्हणाल्या. "दुपारचं मारतो किक. कामावर जायचं असतंय त्याला."

मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. तरातरा गोठ्यात गेलो. आत कोणी नव्हतं. गाडीवर बोटभर धूळ, जमिनीवर पावलाची खूण नाही. फक्त किकचं रबर स्वच्छ होतं, आणि पॅडल अजून हळूहळू वर येत होतं. मी घाबरलो. ते सांगायला मला लाज वाटत नाही.

माई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ह्यो तुकडा लई जनांनी मागितला. दिला न्हाई. पर आता मीच चालले. बंद घरात त्यो कुनासाठी किक मारील?" मग सुमनला म्हणाल्या, "तुकडा घेऊन जा पोरी. केडगावला माज्या लेकीच्या दारात गाडी बंद करा. त्यो उतरंपतोर पुन्हा चालू करू नगा."

सुमन हो म्हणाली. मला न विचारता.

फूटरेस्ट काढला, गिअरबॉक्सचं झाकण उघडलं, ऑइल मातीत सांडलं. कलिंगडाच्या फाकेसारखा तो तुकडा. आमच्याचे पहिले दात पार बोथट, त्यांच्याचे कोरे करकरीत. स्प्रिंग ताणून बसवताना बोटं सोलून निघाली. पण पहिल्याच किकेला गाडी चालू झाली. आम्ही बसलो, तेव्हा माई सुमनच्याही मागे बघत म्हणाल्या, "नीट धरून बस."

वाटेत सुमन सारखी माझ्या पाठीवर येत होती. मी वैतागलो. "मागे सरक की जरा, एवढी लांब सीट आहे."

"मागे जागा नाही," ती म्हणाली.

मी वळून पाहिलं नाही.

केडगावला दिवेलागण झाली होती. मला सरळ पुण्याकडे पळायचं होतं, पण सुमनने खांदा घट्ट दाबला. पत्ता विचारत दारात गेलो आणि गाडी बंद केली. माईंच्या मुलीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि भाकरतुकडा, पाण्याचा तांब्या घेऊन आली. लांबून आलेल्या माणसांवरून ओवाळतात तसा आमच्यावरून ओवाळला. मग सीटच्या मागच्या मोकळ्या जागेवरूनही ओवाळला, तुकडा लांब टाकला, आणि आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी अंग चोरून दारातून बाजूला झाली.

जरा वेळाने म्हणाली, "निघा आता तुमी."

पुण्यापर्यंत सुमन मागे ऐसपैस बसून आली. ती किक पुढे कधी बिघडली नाही. सहल कशी झाली, असं घरी विचारलं तेव्हा फक्त किल्ल्याबद्दल सांगितलं.

महिन्याभराने मात्र राहवेना, म्हणून दोघं मुद्दाम केडगावला गेलो. माई ओट्यावर बसल्या होत्या.

"येतो का हो आवाज?" सुमनने विचारलं.

"न्हाई. पोचला न्हवं त्यो. आता कशाला मारील किक?" असं म्हणून त्या हसल्या, आणि मग तोंडाला पदर लावला.

निघताना मी गाडी चालू केली तर त्यांनी हात वर केला. "बंद करून आनखी एकदा मारा की."

मी मारली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"आनखी एकदा," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी पुण्यात घराचा जिना चढताना किक मारून मारून माझा उजवा पाय भरून आला होता.