कोठीतल्या हवालदारांची शर्यत

वडूजला आमच्या शेजारी राहणारे हवालदार रोज सकाळी अंगणात कांबळं अंथरत, त्यावर आपलं सगळं सामान ओळीनं मांडत आणि मग दोन पावलं मागं सरून त्या सामानासमोर सावधान उभे राहत. बुटाची नाडी तिरकी दिसली की स्वतःलाच झापत, "काय रं, सासुरवाडीला आलायस व्हय?" आणि वाकून नाडी सरळ करत स्वतःच उत्तर देत, "चुकलं साब." मी मूळची माधवनगरची, गिरणीच्या भोंग्यावर वाढलेली. शिक्षिका म्हणून वडूजला आले आणि पहिल्याच सकाळी हे पाहून घरमालकिणीला विचारलं, यांना बरं नाही का?

"बरं हायेत की," ती म्हणाली. "पळायच्या शर्यतीत उतरल्यात."

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. तालुक्यातल्या तरुणांनी ऐन थंडीत वडूज ते म्हसवड, दहिवडीवरून, अशी तीस मैलांच्या वरची शर्यत काढली होती. पहाटे निघायचं, दिवस मावळायच्या आत पोचायचं. बाकीच्या पोरांची तयारी म्हणजे एक चड्डी आणि भरपूर आत्मविश्वास. हवालदार मात्र पन्नाशी ओलांडलेले. सैन्यातली सगळी नोकरी त्यांनी कोठीत काढली होती, बूट, कांबळी आणि डाळ-तांदूळ वाटण्यात. गावातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी सीमेवर जाऊन आलेलं. त्यांच्याकडं बर्फाच्या आणि गोळ्यांच्या गोष्टी होत्या. हवालदारांकडं सांगायला काय, तर कुठल्या पलटणीचे पाय मोठे होते.

त्यांचे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, दहिवडीचे, खरेखुरे लढलेले सुभेदार. चार माणसं जमली की ते म्हणत, "आमचं पाव्हणं बी लय लढलं. तांदळातल्या खड्यांशी." हवालदार सगळ्यांच्या बरोबर हसत आणि घरी येऊन दोन दिवस तेच ते बूट घासत बसत. आता त्या व्याह्यांच्या दारावरून पळत जायचं, त्यांना ते दिसायला हवं, आणि म्हसवड गाठायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

कोठीत आयुष्य गेलेल्या माणसानं तयारी केली तर ती कशी होणार? "सामान हाय तर माणूस हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॅनव्हासचे बूट दोन जोड, लोकरीचे मोजे चार जोड, कानटोपी, बॅटरी, सुईदोरा, हळदीची पुडी, खोबरेल, शिट्टी आणि वर एक घोंगडी. ती घोंगडी म्हसवडलाच विकत घेतलेली. म्हसवडची घोंगडी पाठीवर टाकून म्हसवडला पळत नेणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. सगळं भरून ते हमीदभाईंच्या दुकानात काट्यावर ठेवायला घेऊन गेले. काट्याचं पारडं टेकलं ते उठेचना. हमीदभाईंनी गंभीरपणे विचारलं, "हवालदार, पळायला चाललाय का बदली झाली?"

खाण्याची तऱ्हा तर विचारूच नका. त्यांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी, डिंकाचे लाडू केले, दुधात भिजवून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. पण हवालदारांचा कायदा असा, की पळता पळता खाऊन पाहिल्याशिवाय माल पास करायचा नाही. मग ते लाडू तोंडात धरून अंगणाला फेऱ्या मारत आणि मागं सांडलेले कण टिपत कोंबड्या पळत. "ह्या कोंबड्याच म्हसवडला पयल्या येतील," काकू म्हणायच्या. शेवटी लाडू नापास झाले, दशम्या पास झाल्या. थंडीत पोटाला धरून राहणारं पेय म्हणून हुलग्याचं माडगं एकमतानं निवडलं. काकूंनी मात्र शर्यतीच्या आदल्या दिवशी सामानाची पिशवी गुपचूप अर्धी केली, म्हणूनच ते वेशीबाहेर तरी पडले.

माडगं गरम लागतं, ते पाठीवर कसं नेणार? इथं हवालदारांनी आपल्या नोकरीतली अक्कल वापरली आणि वाटेत रसद ठेवली. व्याह्यांना आठ दिवस आधी निरोप धाडला: आम्ही तुमच्या दारावरून पळत जाणार, तांब्याभर माडगं तयार ठेवा. एवढा हुशार माणूस, पण व्याह्याला निरोप गेला की तो निरोप राहत नाही, आमंत्रण होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी आम्हा शिक्षकांना म्हसवडला पोचणाऱ्यांची नावं लिहायला कमानीखाली बसवलं होतं. दुपारपासून पोरं येऊ लागली. दिवस मावळला, कमान उतरवली, मंडळी पांगली. मी एकटी रात्रीच्या एस.टी.ची वाट बघत होते. तेवढ्यात रस्त्यानं कुणीतरी लंगडत पळत आलं. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळाला कुंकू, काखेत नारळ. हवालदार होते. कमानीची जागा कुठं होती ते त्यांनी विचारलं. मी दाखवली. तिथवर पळत गेले आणि मगच खाली बसले.

पाणी प्यायल्यावर त्यांनी सांगितलं. दहिवडीला दारात रांगोळी, पाट, समई. सुभेदार हात जोडून उभे. "पाव्हणं, उभ्या उभ्या माडगं पिऊन जायला आमचं दार काय धर्मशाळा हाय?" पाय धुतले, फेटा बांधला, पुरणपोळी वाढली, आग्रह करून करून वाढली. मानपानात कुठं काही कमी नाही, मग तक्रार कशाची करणार? उठावं तर व्याह्याचा अपमान. दुपार झाली तरी पंगत हलेना. तेव्हा आतल्या दारातून त्यांची मुलगी, सासऱ्यासमोर कधी आवाज न काढणारी, म्हणाली, "आबा, उठा. पळा." आणि हवालदार भरल्या ताटावरून उठले.

मी म्हटलं, "काका, उद्या सगळ्या गावाला सांगते, तुम्ही पोचलात."

"नगं बाई," ते म्हणाले. "उशीर का झाला म्हून इचारतील. व्याह्यांचं नाव निघंल, आन् पोरगी मधी बोलली ते बी. तिला त्या घरात नांदायचं हाय. मी सांगीन, पुरणपोळी लय झाली, फुडच्या गावात एस.टी. धरली. तिला बी सांगू नगा. कळलं तर सासऱ्याच्या तोंडावर बोलंल ती."

तसंच झालं. गावानं या गोष्टीवर पुढची कित्येक वर्षं पोट धरून हसून घेतलं, आणि हवालदार त्या हसण्यात सामील होत राहिले. मला मात्र त्यांच्याबरोबर कधी हसता आलं नाही.

ते गेले तेव्हा त्यांच्या दहाव्याला सुभेदार आले होते. बैठक भरलेली. डोळे पुसत पुसत ते सांगत होते, "आमच्या घरच्या पुरणपोळीनं पाव्हण्याला पळूच दिलं न्हाई." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मुलगी, आता दोन लेकरांची आई, उठून स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागं गेले आणि म्हटलं, "तुझे आबा पोचले होते गं. मी होते तिथं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पदर खोचला, बाहेर गेली आणि भरल्या बैठकीत सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामंजी," ती म्हणाली, "आबा म्हसवडला पोचलं हुतं."

हवालदारांनी पोरगी बरोबर ओळखली होती.