हिंदमाताला एका पायावर

आधी हातातला कप खाली ठेवा. ऐकताना ठसका लागला तर त्याचंही पाप माझ्याच माथी यायचं. शिकलासवरलेला, नोकरदार, दोन पोरांचा बाप असलेला माणूस किती मूर्खपणा करू शकतो, हे कुणाला बघायचं असेल तर लांब जायला नको. मी इथे समोरच बसलोय.

या भानगडीची सुरुवात सासऱ्यांपासून होते. बहुतेक भानगडींची तिथूनच होते.

आमचे सासरे, म्हणजे नाना, गिरगावातले. वय एकाहत्तर, अंगात चरबी औषधालाही नाही. त्यांच्या वाडीत पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की दौड असते. वाडीतून निघायचं, चौपाटी गाठायची, वळसा घालून परत. आणि तिथला रिवाज असा की वाडीच्या जावयांनीही धावायचं. वर्षभर सासुरवाडीला येऊन जे हादडता त्याची वसुली, दुसरं काय!

गेल्या वर्षी मी धावलो. नाना माझ्या पुढे होते. किती पुढे म्हणता? मी धापा टाकत वाडीत शिरलो तेव्हा ते आंघोळ उरकून, पांढराशुभ्र शर्ट घालून, जिलेबी खात बसले होते. वर सगळ्यांदेखत म्हणाले, "या जावईबापू. तुमची जिलेबी झाकून ठेवलीय. गार झाली जरा."

आता सांगा, हे कोण सहन करेल? जिलेबी मी गिळली. अपमान काही गिळला जाईना.

मग काय, या वर्षी नानांना हरवायचंच! महागडे बूट आणले. पहाटे उठायला लागलो. परळहून निघायचं, फाइव्ह गार्डन्सला चकरा मारायच्या आणि घरी येऊन बायकोला आपण कसे हलके झालो ते सांगायचं. आणि एक दिवस, एका म्हाताऱ्या गृहस्थांना मागे टाकण्याच्या नादात (हल्ली सत्तरीचा माणूस पुढे धावताना दिसला की माझ्या अंगात येतं) उजव्या पोटरीत कट्‌कन काहीतरी झालं. मी फुटपाथवर बसलो. ते गृहस्थ थांबले, मला हात देऊन उठवलं आणि टॅक्सीत बसवून दिलं. बाकी लाज राहिली असेल तर तीही तिथेच गेली.

फिजिओथेरपिस्ट डॉक्टर मृण्मयी. वय माझ्या भाचीएवढं. मला 'काका' म्हणतात. आधी नुसती पोटरीच दुखत होती.

"काका, धावणं बंद. पूलमध्ये जायचं आणि कमरेएवढ्या पाण्यात चालायचं. पुढे, मागे, आडवं. मग दुखऱ्या पायावर उभं राहायचं आणि दुसरा पाय वर घ्यायचा. तोल जाईल, काहीतरी धरा."

"पण पंधरा ऑगस्टला धावता येईल ना?"

"नीट केलंत तर. शुक्रवारी पाय दाखवा, मग सांगते."

म्हणजे सगळं शुक्रवारवर आलं. तिने मान डोलावली तर मी धावणार. नाहीतर वाडीच्या तोंडाशी बायकांबरोबर लिंबूपाण्याचे ग्लास भरत उभा राहणार आणि नाना येताजाता माझ्याकडे बघून हसणार.

पण पूल? जवळचा दुरुस्तीसाठी बंद. दुसरीकडे एवढी मोठी रांग की माझा नंबर लागेपर्यंत पोरं निवृत्त झाली असती. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी आभाळ फाटलं. ऑफिसचा निरोप आला, येऊ नका. आणि सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी नेहमीची बातमी टाकली: हिंदमाता चौकात पाणी भरलं.

लोकांनी कपाळाला हात लावला. मी? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला!

अहो, पाणीच हवं ना? घरापासून चार पावलांवर एवढा मोठा पूल आपोआप भरून तयार. ना फी, ना रांग, ना ती रबरी टोपी. डॉक्टरबाईंनी कमरेएवढं सांगितलं होतं आणि हिंदमाताला गुडघ्याएवढं होतं. चालायचंच. मुंबईत सगळीकडे तडजोड करतो, इथेच कशाला अडून बसायचं?

अडचण एकच होती. सुप्रिया, माझी बायको. तिने आधीच बजावलं होतं, "या पावसात बाहेर पाऊल टाकलंस तर दुसरी पोटरी मी काढीन." ती आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. मी दारातूनच हळूच म्हटलं, "खाली जिन्याजवळ जरा स्ट्रेचिंग करतो." मग अर्धी चड्डी, वर रेनकोट, टोपी नाकापर्यंत ओढलेली. तोल सांभाळायला काठी हवी म्हणून फरशी पुसायच्या मॉपचा दांडा काढून घेतला. निघाला शूरवीर!

आता पुढचं कळायला आमच्या भागातला एक रिवाज सांगायला हवा. पाणी तुंबलं की गटाराचं कुठलं झाकण उघडं आहे ते दिसत नाही. मग कुणीतरी भला माणूस त्या जागी काठी घेऊन उभा राहतो आणि लोकांना बाजूने काढतो. त्याला कुणी नेमत नाही, कुणी पैसे देत नाही. पण तो उभा दिसला की माणसं एक शब्द न विचारता वळसा घालतात. मी लहानपणापासून हे बघत आलोय. अशा माणसांना मी स्वतः शंभरदा वळसा घातलाय.

आणि त्या दिवशी मी काय केलं? भर रस्त्यात, गुडघाभर पाण्यात, काठी घेऊन उभा राहिलो.

आधी दांड्याने जमीन चाचपत पुढे चाललो. मग मागे. मग आडवा. पाणी गार, पाऊस पाठीवर दणादण, पोटरी अगदी खूश. म्हटलं, नाना, आता जिलेबी तुमची झाकून ठेवायची! मग दुखऱ्या पायावर उभा राहिलो, डावा पाय वर घेतला, एका हातात दांडा, दुसरा हात बाजूला ताणलेला.

समोरून माणसांची एक रांग येत होती. सगळ्यात पुढे एक सिस्टर, युनिफॉर्म वर खोचलेला, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. ती मला बघून जागीच थांबली आणि मागच्यांना मालवणीत ओरडून म्हणाली, "थांबा रे! हयसर उघडा आसा! बाजूक व्हा!"

सगळी रांग माझ्या ताणलेल्या हाताच्या दिशेने वळली.

मी म्हटलं, "अहो नाही, मी व्यायाम..." पण पाऊस असा, हॉर्न असे, माझं मलाच ऐकू येईना. जाताजाता सिस्टर म्हणाली, "देवमाणूस रे बाबा तू! हलू नको हां थंयसून!"

देवमाणूस! सत्तेचाळीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. सासुरवाडीला तर मला नुसतं माणूस म्हणायलाही दोन वर्षं लागली. म्हटलं, जाऊ दे, कशाला उगाच त्या बाईचा विरस करायचा? तिथेच घात झाला.

थोड्या वेळाने मी आडवं चालत दुसऱ्या जागी गेलो आणि पुन्हा एक पाय वर घेतला. लगेच पलीकडून आरोळी, "अरे बापरे, तिकडे पण आहे! दोन दोन आहेत!"

झालं! माणसं जागच्या जागी थिजली. साडीच्या दुकानाच्या पायरीवरून शेठ ओरडले, "भाऊ, नुसती काठी लांबून दिसत नाय!" आणि स्वतः पाण्यात उतरून त्यांनी माझ्या दांड्याला एक लाल ब्लाउजपीस बांधलं. वर एका हातात चहाचा ग्लास दिला. तेवढ्यात एक हवालदार आला. त्याने माझा वर घेतलेला पाय पाहिला, ब्लाउजपीस पाहिलं आणि दोन्हीकडची वाहनं थांबवली.

"साहेब, पाय अडकला का?"

"नाही, नाही."

"मग वर का धरलाय?"

"तोल... तोल जाऊ नये म्हणून."

आता एक पाय वर धरल्याने तोल जातो की राहतो? पण गणवेशापुढे माझी अक्कल अशीच चालते. त्याने गंभीरपणे मान हलवली. "बरोबर. खालून ओढ असणार. साहेब, माणूस येतोय झाकण घेऊन. तोपर्यंत हलू नका."

हलू नका म्हणे! दोन बसेस उभ्या. टॅक्सीवाले शिव्या घालतायत. दोरी बांधून माणसं एका कडेने काढतायत. आणि ज्या गटाराचं झाकण शाबूत, त्याच्यावर राखण करायला मी, एका पायावर, थंडीने कुडकुडत. पोटरी आता नुसती दुखत नव्हती, जळायला लागली होती. खरं बोलावं? अहो, एवढ्या भिजलेल्या, खोळंबलेल्या शे-दोनशे माणसांना सांगायचं की मी सासऱ्याला हरवायला कवायत करतोय? मला तिथेच बुडवलं असतं, पाणी गुडघ्याएवढं का असेना.

खिशात प्लास्टिकच्या पिशवीत फोन वाजला. दांडा काखेत धरून पिशवीसकट कानाला लावला. सुप्रिया.

"कुठे आहेस?"

"इथेच. जिन्याजवळ."

"असं? आणि माझ्या मॉपचा दांडा कुठे आहे?"

मी काखेतल्या दांड्याकडे बघितलं.

"कुणीतरी व्हिडिओ टाकलाय ग्रुपवर. 'हिंदमाताचा देवदूत.' तोंड टोपीत लपलंय, म्हणून आधी मलाही कौतुक वाटलं. मग दांड्याला निळी चिकटपट्टी दिसली. ती मी लावलीय." मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "खरंच तू लोकांसाठी उभा आहेस? दुखऱ्या पायावर? नानांना पाठवला मी व्हिडिओ. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं रे. म्हणाले, दौड राहू दे, माझा जावई पहिला आला."

काय सांगू तुम्हाला! दौड न धावताच जिंकलो होतो! आता मात्र मरेन, पण हलणार नाही असं ठरवलं. छाती पुढे काढली. पाय आणखी वर घेतला.

आणि त्याच क्षणी दोरी धरून चाललेल्या रांगेतून आवाज आला, "अय्या, काका?"

डॉक्टर मृण्मयी. क्लिनिकला निघालेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मी डोळे मिचकावले, मान हलवली, ओठांवर बोट ठेवायला गेलो तर चहा सांडला. पण आपल्या विद्यार्थ्याची प्रगती दिसल्यावर कुठला शिक्षक गप्प बसतो?

"काका, गुडघा सरळ! आणि मी पूलमध्ये सांगितलं होतं हो, इथे कुठे करताय?"

हवालदार वळला. "काय करतायत हे?"

"एक्सरसाइज. माझे पेशंट आहेत ते. पोटरी दुखावलीय, त्याचा व्यायाम दिलाय मी."

पाऊस तेवढ्यात कमी व्हायचं काही कारण नव्हतं. पण झाला. बाईंचा शब्द न्‌ शब्द दोन्ही बसेसमध्ये ऐकू गेला.

हवालदाराने माझ्या हातातला दांडा घेतला. माझ्या पायाशी आपटला. ठक्‌. दोन पावलं बाजूला आपटला. ठक्‌. मग अतिशय शांतपणे विचारलं, "साहेब, उघडं कुठलं होतं?"

"मी कुठे म्हटलं उघडं आहे म्हणून?" मी म्हटलं. हे खरंच होतं. पण खरं बोलायची वेळ टळून गेली की खरं बोलणाऱ्यालाच जास्त शिव्या पडतात. बसच्या खिडकीतून एका आजोबांनी मला जे काही सुनावलं, ते मी इथे सांगत नाही, घरात मुलं आहेत. शेठ मात्र दिलदार. मी ब्लाउजपीस सोडायला गेलो तर म्हणाले, "राहू द्या भाऊ. आठवण म्हणून ठेवा."

घरी गेलो. दुपारपर्यंत दुसरा व्हिडिओ आला होता, आवाजासकट. त्यावर मला काहीच बोलायचं नाही. घाण पाण्यात चाललो म्हणून फॅमिली डॉक्टरने गोळ्या दिल्या. पोटरी दुधीएवढी सुजली. शुक्रवारी मृण्मयीबाईंनी पाय दाबून बघितला, मी किंचाळलो, त्या म्हणाल्या, "काका, आता पहिल्यापासून." सुप्रिया चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, तेव्हा नवीन मॉप आणायला सांगितलं.

आणि पंधरा ऑगस्ट? गेलो ना. झेंडावंदनाला उभा राहिलो. वाटलं, आता लिंबूपाणी. पण नाना जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या वाडीसमोर म्हणाले, "तुम्हाला जबाबदारीचं काम देतोय जावईबापू. अनुभवी माणूस हवा त्याला." आणि पाठीमागून तो दांडा काढला. सुप्रियाने लाल ब्लाउजपीस धुऊन, इस्त्री करून पुन्हा बांधलं होतं. लेक शेवटी बापाचीच!

तर मी गल्लीच्या कोपऱ्यावर उभा. काम एवढंच की धावणाऱ्यांना वळण दाखवायचं. ऊन पडलेलं, रस्ता कोरडा ठणठणीत. पोरं गेली, जावई गेले. मग नाना आले, हरणासारखे. माझ्यासमोरून जाताना वेग जराही कमी न करता ओरडले, "जावईबापू, हलू नका हां!"

नाही हललो. दात खाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात दुधाची पिशवी घेऊन एक आजी आल्या. मला बघून थबकल्या. माझ्याकडे पाहिलं, लाल फडक्याकडे पाहिलं, खालच्या सुक्या रस्त्याकडे पाहिलं. मग साडी जराशी वर धरून, जपून जपून, मला मोठा वळसा घालून पलीकडे गेल्या.

मी खाली बघितलं. माझा डावा पाय वर होता.