झेपचं झाकलेलं नाक

हे बघा, हसणार असाल तर हातातला चहा आधी संपवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या साडूंना असा ठसका लागला, की पाठ चोळायला शेजारी धावले. आणि यात शहाणपण शोधू नका. यात फक्त माझा मूर्खपणा आहे, तोही चार चाकांवरचा!

गोष्ट शहाऐंशी-सत्याऐंशीची. मी नाशिकला सरकारी कचेरीत टायपिस्ट. वाहन म्हणाल तर सायकल. लायसन्स नाही. पण मोटारींवर मतं? अहो, विचारू नका! द्वारका चौकाजवळ अन्वरभाईंचं गॅरेज होतं. ऑफिस सुटलं की मी तिथल्या जुन्या टायरवर बसून जगातल्या यच्चयावत गाड्यांचा निकाल लावायचो. अन्वरभाईंचे हात काळे व्हायचे आणि तोंड माझं चालायचं.

एक दिवस बातमी आली की 'झेप' परत येणार!

झेप माहीत नाही? कशी असणार! ज्या कंपनीची साधी चौकोनी गाडी डॉक्टर-वकील डोळे मिटून विकत घ्यायचे, त्याच कंपनीनं सत्तरच्या सुमाराला ही एक चपळ, दोन दारांची गाडी काढली होती. दोन-तीन वर्षांत बंदही केली. मी शाळेत असताना एकदा ती रविवार कारंजाच्या चौकात उभी होती. लालभडक. मी हळूच तिच्या नाकावरून हात फिरवला. ड्रायव्हरनं हाकललं, पण त्या दिवसापासून ती माझीच होती. हसू नका. माझं त्या गाडीवर खरंच प्रेम होतं.

आणि आता कंपनी त्याच नावानं नवीन गाडी काढत होती. मासिकात फोटो बघितला आणि माझं डोकंच फिरलं.

"अन्वरभाई, हे नाक बघा! जुन्या झेपचं नाक कसं गोल, नाजूक. याला पुढं नुसती जाळी, खिडकीला गज बसवावेत तशी!"

"अरे वसंतराव, नाक से क्या गाडी चलती है? इंजिन बघा ना."

"इंजिन? एवढ्याशा बॉनेटमध्ये एवढं दांडगं इंजिन! लिहून ठेवा, पहिल्याच चढाला तापणार."

हे मी एकदा नाही, महिनाभर रोज बोललो. ऐकणारे अन्वरभाई आणि माझा मित्र भास्कर. भास्करची मखमलाबादला फुलशेती. बारा वर्षं हा गडी पहाटे सायकलवर झेंडूच्या पाट्या बांधून बाजारात यायचा. स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही त्यानं. आणि या भल्या माणसानं काय करावं? झेपच बुक केली!

त्याच्या वडिलांना, आबांना, हवा होता टेम्पो. फुलं वाहायला. दोन दारांची गाडी अंगणात आली तेव्हा आबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "हिच्यात पाट्या कुठं ठिवायच्या?"

बापलेकात दोन दिवस अबोला. शेवटी आबांनी अट घातली.

"उंद्या चांदवडला जायचं. रेणुकामातेचं दर्शन घ्यायचं. गाडी बिनतक्रार घरी आली तर ठिव. वाटंत रुसली, तर सोमवारी इकायची आन् टेम्पो आणायचा. आन् वसंतराव, तुमी बी चला. तुमाला गाडीतलं लय कळतं."

भास्करनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या मनातली एकुलती एक हौस त्या एका दिवसावर टांगलेली. आणि मी? खरं सांगू? मला आतून बरं वाटत होतं. माझं म्हणणं खरं ठरणार होतं ना!

सकाळी पूजा होती. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ फुटला. आता फुलवाल्याचंच घर ते! भास्करच्या आईनं गोणपाटावर झेंडू शिवून ही एवढी चादर केली होती, बॉनेटवर पसरायला. मी मध्येच बोललो, "काकू, बॉनेटवर नको. पुढं नाकावर बांधू. देवीला सामोरं जायचंय, तर फुलं समोर हवीत."

काकूंना पटलं. मला खरं तर ते भिकार नाक झाकायचं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. सुतळीनं स्वतः सात गाठी मारल्या. जाळीचा एक गज दिसेल तर शपथ! आबांनी वरून बजावलं, देवीच्या पायाशी पोचेपर्यंत फुलाला हात लावायचा नाही.

निघालो. पुढं भास्कर आणि आबा, मागच्या सीटवर मी. ती सीट कुणासाठी बनवली होती देव जाणे. माझे गुडघे हनुवटीला टेकलेले. पण दोन सीटांच्या मधून मला तापमानाचा काटा बरोबर दिसत होता.

ओझरपर्यंत काटा मधोमध. पिंपळगाव मागं पडलं, ऊन चढलं, तसा काटा हलला. थोडासाच. मी खूश.

वडाळीभोई आली. काटा आणखी वर.

आरशात भास्करचे डोळे दिसले. त्यालाही दिसलं होतं. आबा मजेत खिडकीबाहेरची कांद्याची रानं बघत होते. भास्करच्या मानेवरून घामाची धार शर्टात उतरली आणि माझी खुशी तिथंच संपली हो. मनात म्हटलं, आई रेणुके, मला खोटं पाड!

"भास्करा," आबा अचानक म्हणाले, "ह्यो लाल रेघंकडं चाललेला काटा कशाचा रं?"

भास्करनं नजर रस्त्यावरच ठेवली. आता मी तरी गप्प बसावं की नाही? पण जीभ!

"इंजिनाच्या तापाचा, आबा."

"ताप आलाय व्हय?"

"थोडासा. चढ आहे ना."

भास्कर दबक्या आवाजात म्हणाला, "वसंता, थांबवू का?"

थांबवली म्हणजे रुसली! आबांची अट मोडली! मी पुढं वाकून ज्ञान दिलं, "थांबू नकोस. पळव! वेग वाढला की पुढून वारा लागतो, इंजिन गार होतं. शास्त्र आहे ते."

भास्करनं पळवली. काय सांगू, एखाद्याला चूल विझवायला रॉकेल द्यावं तसा सल्ला होता माझा! काटा सरळ लाल रेघेत. आबांनी सीट धरली. बॉनेटच्या कडेनं पांढरी वाफ निघाली, मग फस्स करून आवाज झाला, आणि चांदवड अगदी टप्प्यात आलं असताना झेप रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

आम्ही उतरलो. भास्करनं पंच्यानं धरून बॉनेट उघडलं. आत नुसती वाफ. तिघं वाकून इंजिनाकडं बघत उभे. गॅरेजवाल्याकडं बघतात तसे आबा माझ्याकडं बघायला लागले.

"बोला वसंतराव. काय झालंय?"

खरं तर मला काही कळत नव्हतं. पण महिनाभराचं भाषण पाठ होतं ना!

"आबा, दोष मुळातच आहे. लहान नाक, मोठं इंजिन. हवा खेळतच नाही. कंपनीनं फक्त जुनं नाव चिकटवलंय."

"म्हंजी दुरुस्त व्हनार नाय?"

मी मान हलवली. नकारार्थी.

"मग ठरलं," आबा म्हणाले. "सोमवारी इकायची."

भास्कर मैलाच्या दगडावर जाऊन बसला आणि दोन्ही हातांत चेहरा घेतला. मला रडू यायचं बाकी होतं. बारा वर्षांचा मित्र, आणि त्याच्या गाडीच्या डेथ सर्टिफिकेटवर मी सही केलेली!

तेवढ्यात मागून कांद्याची बैलगाडी आली. हाकणारी एक आजी, कपाळाला भलं मोठं कुंकू. बैल थांबवून तिनं गाडीला पुढून नीट न्याहाळलं.

"काय झालं रं बाबांनो?"

"गाडी तापली, मावशी," आबा म्हणाले.

"तापंल नाय तर काय! मुसकं बांधून चढाला घातली व्हय? बैलाच्या मुसक्याला निदान जाळी तरी असतीया. हितं तर पार गोणपाट हाय! वारा शिरंल कुठनं?"

एवढं बोलून आजीनं बैल हाकले. गेलीसुद्धा.

आम्ही तिघांनी पहिल्यांदाच गाडीचं नाक बघितलं. बॉनेट वर गेलं होतं, पण चादर खाली घट्ट जागच्या जागी. झेंडू आतल्या बाजूनं शिजून भाजीसारखे काळपट पडलेले. वासही तसाच.

"वसंता," भास्कर उठला. त्याचा आवाज फार शांत होता आणि मला त्याचीच भीती वाटली. "ही चादर कुणी केली?"

"काकूंनी."

"नाकावर कुणी बांधली?"

मी सुतळीकडं बघितलं. सातही गाठी शाबूत होत्या.

"मी. मला ते नाक आवडत नव्हतं."

आबांनी हात जोडून देवीच्या डोंगराकडं बघितलं, क्षमा मागितली, आणि खिशातल्या अडकित्त्यानं सुतळी कापली. तासभर गाडी गार होऊ दिली, विहिरीवरून घागर आणून पाणी भरलं. भास्करनं चावी फिरवली. काटा उठला, मधोमध आला आणि तिथंच थांबला. दर्शन झालं. परतीच्या वाटेवर भर उन्हात झेप अशी पळाली, की आबा दोनदा म्हणाले, "भास्करा, अजून जरा!"

आणि मी? देवाची फुलं टाकायची नाहीत म्हणून ती शिजलेली चादर अख्खा रस्ता माझ्या मांडीवर. गोदावरीत सोडायला.

नाशिकला गाडी गॅरेजसमोर थांबली. अन्वरभाई हात पुसत धावत आले. महिनाभर माझं ऐकून बिचारेही धास्तावले होते.

"क्या हुआ आबा? वसंतराव म्हणत होते तसं झालं? खोट निघाली गाडीत?"

मी मागच्या सीटवरून चादर सावरत बाहेर पडायची धडपड करत होतो. आबांनी माझ्याकडं बोट केलं.

"निघाली ना. सकाळपास्नं मागच्या सीटवर बसली व्हती. आत्ता उतरतीया बघ!"

उतरतीया कसली! माझा एक पाय तर अजून आतच अडकला होता.