किरकोळ

फॉर्ममधला प्रश्न सरळ होता: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? दारूगोळ्याच्या कोठारातली कारकुनाची नोकरी माझ्या हाताशी आली होती, फक्त पोलिसांची पडताळणी बाकी होती. हिंगणीच्या घरी फॉर्म पुढ्यात घेऊन मी बसलो, तर बाबा म्हणाले, "केस मिटली नं कोर्टात? मंग नाई लिहून टाक."

मिटली होती खरी. पण प्रश्नात 'कधी' होतं, आणि खाली छापलं होतं की माहिती खोटी निघाली तर नोकरी जाईल. मी काही सत्याचा पुतळा नाही, मी टरकलो. म्हणून 'होय' लिहिलं आणि पुढे जोडलं, 'शेजाऱ्याशी किरकोळ भांडण.'

किरकोळ म्हणजे काय ते सांगतो. शेताशेजारच्या काकांनी वखरताना आमचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, वीतभर खाल्ला होता. मी विशीतला, डोकं कायम तापलेलं. कुऱ्हाडीचा दांडा उचलला आणि एक शब्द न बोलता त्यांच्या तोंडावर हाणला. जबडा मोडलेला माझ्या हाताला कळला. दोन दात रक्तासकट काळ्या मातीत पडले. ते उचलायला काका वाकले, तेव्हा पाठीत हाणला. ते आडवे झाले तरी मी थांबलो नाही. मला मजा येत होती, आणि त्याची लाज अजून जात नाही.

पडताळणीला पोलीस गावात आले तेव्हा काकांनी सांगून टाकलं, "गाईवानी गरीब पोरगा आहे, साहेब. भांडण कधीच नाई." मग आम्हा दोघांनाही वर्ध्याच्या पोलीस कार्यालयात बोलावणं आलं.

साहेबांच्या टेबलावर तीन कागद होते. "याच्यात किरकोळ, यांच्या जबाबात काहीच नाही, आणि जुन्या तक्रारीत जबडा मोडलाय. खोटं कोण बोलतंय?"

साहेबांच्या कानाखाली जाळ काढावा असं क्षणभर वाटलं. मग शेजारच्या खुर्चीतला काकांचा वाकडा जबडा दिसला आणि मी बोलायला लागलो. दांडा सांगितला, दात सांगितले, पाठ सांगितली.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.

"लाथा राह्यल्या," काका म्हणाले.

माझ्यासाठी खोटं बोललेला माणूस आता खाली बघून बोलत होता. साहेबांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. नोकरी गेली असं धरूनच मी सगळं लिहिलं आणि लाथांपाशी अडलो.

"किती होत्या, काका?"

"सहा," ते म्हणाले. "मी मोजून राह्यलो होतो, तू कधी थांबतं म्हणून."

मी सहा लिहिलं आणि खाली सही केली.