विहीणबाईंच्या न्हाणीतला क्लोरीन

विहीणबाईंना मी फरशीवर आडवं केलं आणि त्या मरायला लागल्या.

न्हाणीच्या दारातच त्यांना धाप लागली. दम्याचं माणूस. धाप लागली की निजवावं, एवढंच मला ठाऊक! (मी चौथी शिकले. दम्याचा धडा पाचवीत असेल.) न्हाणीतून पिवळट हिरवा धूर जमिनीलगत सरपटत येत होता आणि मी त्यांचा खांदा दाबून बजावत होते, "उठू नका! खालीच राहा!"

"धूर... काहाचा हाय?"

"धूर नाही, विहीणबाई, सफाई हाय!"

सगळं माझ्या जिभेनं केलं. मी चांदूर रेल्वेची. लेकीकडे अकोल्याला चार दिवस आले होते. अकोल्याचं पाणी खारं, फरशीवर पांढरा थर धरतं. पण आल्या आल्या मी म्हटलं, "न्हाणी काहून अशी? आमचा गोठा याच्याहून साफ रायते!"

दुसऱ्या दिवशी लेक-जावई कामावर गेल्यावर विहीणबाईंनी गुपचूप फरशीवर ॲसिड ओतलं. पण नळ चार दिवसांआड येतो, साठवलेलं पाणी फरशी धुण्यात कोण घालवील? ॲसिड तसंच राहिलं.

मला हे ठाऊक नव्हतं. मी आपला डबा काढला. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर, खास घरून आणलेली, लाडवाच्या डब्यात! (आदल्या दिवशी तो डबा पाहून विहीणबाई हरखल्या होत्या, "काहून बाई तरास घेतला!" मी तो त्यांच्या हातातून परत घेतला होता. तेवढंही मला वावगं वाटलं नाही.) चांगल्या तीन मुठी ओल्या फरशीवर फेकल्या. फरशी फसफसली. माझी सफाई दाखवायला मीच त्यांना हाक मारली. मीच!

तेवढ्यात वरच्या खोलीतून नात धावत आली. पल्लवी, बारावीची, ओढणी नाकाला.

"आजी! क्लोरीन हाय तो! हवेपेक्षा जड असते, जमिनीलेच धरून रायते! अन् तू तिले त्यातच निजवलं?"

"मंग उभं करू?"

"वर घे! गच्चीवर!"

विहीणबाई अंगानं भरदार. मी पुढून ओढते, पल्लवी मागून ढकलते, आणि अर्ध्या जिन्यात त्या थांबल्या! "मी... सकाळीच... धुतली होती न्हाणी."

"धुतली हो, धुतली! चढा!"

गच्चीवर उन्हात पाहिलं तर त्यांचे ओठ निळे. मी गच्चीवरूनच रिक्षावाल्याला हाक मारली.

दवाखान्यात पल्लवीनं मला समजावलं, ॲसिडावर ब्लीचिंग पडली की क्लोरीन उठतो. क्लोरीन, आयोडीन, सगळी एकाच घराण्याची माणसं. प्रत्येकाजवळ एक इलेक्ट्रॉन कमी, म्हणून दिसेल त्याचा ओढून घेतात. तोच क्लोरीन सोडियमशी जुळला की गुणी मीठ होतो, आपण रोज खातो. (मी एकोणपन्नास वर्षं संसार केला. मी काही गुणी मीठ झाले नाही.)

विहीणबाईंच्या नाकाला नळी होती. मी खाटेजवळ उभी राहिले. माफी मागायची सवय नाही.

"विहीणबाई, न्हाणी साफच होती. मी उगाच बोलले."

त्यांनी नळी जरा बाजूला केली. "माईत हाय मले," म्हणाल्या आणि नळी परत लावली.

आठ दिवसांनी त्या घरी आल्या. पण आता चार पायऱ्या चढल्या की पाचवीवर बसतात, आणि मी समोर असले की माझ्याकडे पाहत नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

विहीणबाई वाचल्या. पल्लवीला काही झालं नाही. मीही वाचले, कोणी विचारलं नाही, म्हणून सांगते.